एनडीए, भूदल: बी.ए. घ्यावे की संगणकशास्त्र?

नाशिकरोडकर:
खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी माझी निवड झाली आहे. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना बी.टेक. असते, आम्हाला मात्र बी.ए., बी.एस्सी. आणि बी.एस्सी. संगणकशास्त्र यांतून एक निवडायचे आहे. बारावीला मी विज्ञान शाखेत होतो आणि गणित बरे आहे, परंतु मन इतिहास व राज्यशास्त्रात रमते. घरच्यांचा आग्रह संगणकशास्त्राचा आहे. शिवाय पहाटेची पीटी, ड्रिल, पोहणे आणि घोडेस्वारी सांभाळून अभ्यास कसा होतो, हेही कृपया सांगावे.

देवळाली कॅम्प, निवृत्त:
अभिनंदन! मी तोफखान्यात होतो. तुला पुढे कोणती शाखा किंवा रेजिमेंट मिळेल, हे प्रामुख्याने डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे एनडीएनंतरच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत, ठरते; बी.ए. झालेले उत्तम तोफची मी पाहिले आहेत. तांत्रिक शिक्षणाची दारेही बंद होत नाहीत, कारण इंजिनिअर्स, सिग्नल्स (संदेशवहन) आणि ईएमई (यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती) या कोअरच्या अधिकाऱ्यांना पुण्याचे सीएमई, महूचे एमसीटीई आणि सिकंदराबादचे एमसीईएमई या लष्करी महाविद्यालयांत अभियांत्रिकी शिकवली जाते. तेव्हा घरच्यांची काळजी रास्त असली, तरी हा निर्णय त्यांना वाटतो तितका अंतिम नाही. माझी कसोटी वेगळी आहे: अंग ठणकत असताना आणि डोळे मिटत असताना जो विषय तुझ्या डोक्यात शिरतो, तो घे. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची (जेएनयू) असली, तरी नापास झाल्यास रेलिगेशन होते, म्हणजे सोबतचे पुढे जातात आणि तू एक टर्म, म्हणजे सहा महिने, मागे राहतोस.

जुना कॅडेट:
सरांची कसोटी मान्य आहे, पण तिचा निष्कर्ष बी.ए. असाच निघेल असे नाही. कला शाखेची पुस्तके बैठक मारून वाचावी लागतात, पानेच्या पाने लिहावी लागतात, आणि नेमकी ती बैठकच तिथे मिळत नाही. गणित पक्के असणाऱ्याचे बरेचसे काम वर्गात आणि प्रयोगशाळेत उरकते. (आमच्या स्क्वाड्रनमध्ये बी.ए. म्हणजे आराम समजून आलेले सर्वांत आधी अडखळले.) इतिहास तू हौस म्हणून वाचू शकतोस, प्रोग्रामिंग तसे हौसेने शिकायला सवड मिळेलच, याची खात्री नाही.

नाशिकरोडकर:
धन्यवाद, सर. सहाही टर्म सारख्याच कठीण असतात का?

जुना कॅडेट:
नाही. पहिल्या टर्ममध्ये वेळ तुझ्या मालकीचा नसतो, त्यामुळे तेव्हा वर्गात जागे राहणे हाच अभ्यास. पुढे कॅम्प आणि क्रॉसकंट्रीच्या आठवड्यांत वह्या उघडल्याच जात नाहीत. ते दिवस आधीच हिशेबात धरावेत.

देवळाली कॅम्प, निवृत्त:
आणि पोहता येत नसेल, तर आजच महापालिकेच्या तलावावर नाव घाल. ज्याला पोहता येत नाही, त्याचा मोकळा वेळ तिथे आधी पाण्यातच जातो.