शब्दचर्चा : यकृतातले 'मुक्त मूलक' आणि शाळेतले मूलक

धरमपेठी : नागपुरात फार्मसीच्या पहिल्या वर्षाला शिकवते, मराठी टिपणं काढतेय. 'यकृतपेशी काही औषधांचे मुक्त मूलकांत रूपांतर करतात' असं लिहिलं, तर मुलं विचारतात, "मॅडम, मूलक म्हणजे सल्फेट, अमोनिअम ना? ते यकृतात काहून तयार होते?" 'फ्री रॅडिकल'ला दुसरा शब्द आहे का?

बुटीबोरीवाला : पोरं बरोबरच बोलून राहिली. शाळेतलं मूलक म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणुगट. इथं खरी गोष्ट एकट्या उरलेल्या इलेक्ट्रॉनची आहे, प्रभार असो की नसो. 1900 साली रसायनशास्त्रज्ञ मोझेस गोम्बर्गनं ट्रायफेनिलमिथाईल दाखवलं, तेव्हा एरवी रेणूत बांधलेला गट सुटा सापडला. 'मुक्त' ते त्यातलं. शब्द राहू द्या, पण पहिल्यांदा येईल तिथं 'अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले' हे जोडाच.

मेडिकल चौक : उदाहरण कार्बन टेट्राक्लोराइडचं द्या. एकेकाळी ते अंकुशकृमीवर चक्क औषध म्हणून पाजत! यकृतपेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत सायटोक्रोम पी-450 गटातलं 2ई1 हे विकर त्याला एक इलेक्ट्रॉन देतं. क्लोराइड सुटून जातं, ट्रायक्लोरोमिथाईल मूलक उरतं. ते पेशीपटलातल्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढतं, मग ते मेदाम्लच मूलक होऊन ऑक्सिजन धरतं आणि शेजारच्याचा हायड्रोजन ओढतं. यकृताच्या प्रत्येक खंडिकेतल्या मध्यशिरेभोवतीच्या पेशी आधी मरतात, कारण हे विकर तिथंच जास्त.

धरमपेठी : आणि पॅरासिटामॉल? तेही याच यादीत टाकलंय.

मेडिकल चौक : काढा. विकर तेच, पण तिथं औषधाकडून एकूण दोन इलेक्ट्रॉन जातात. तयार होणारं एनएपीक्यूआय इलेक्ट्रॉनांचं भुकेलं असलं तरी मूलक नाही. पेशीला जपणारं ग्लुटाथायोन असेतोवर ते निकामी होतं; डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि ते प्रथिनांना चिकटतं. लेखांमधून यकृताला बाधणारं सगळंच 'फ्री रॅडिकल' म्हणून खपवतात, त्याची मला चीड आहे. याला सरळ 'क्रियाशील चयापचयी पदार्थ' म्हणा.

बुटीबोरीवाला : त्या जागी नायट्रोफ्युरॅन्टोइन घ्या, लघवीच्या संसर्गावरचं. एक इलेक्ट्रॉन घेतं, मूलक होतं, तो ऑक्सिजनला देऊन पुन्हा जसंच्या तसं. दर फेरीला एक सुपरऑक्साइड, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन. इथं 'रूपांतर' लिहू नका, औषध तर परत येतं. 'इलेक्ट्रॉनची ने-आण' चालेल.

धरमपेठी : 'मुक्त मूलक' नपुंसकलिंगीच ना?

बुटीबोरीवाला : हो जी. ते मूलक, ती मूलकं. हिंदी वाचून वाचून 'तो मूलक' होतं आपल्याकडं.