शिशाच्या सोल्डरवर एवढी कडक बंदी, आणि बटण सेल मात्र मोकळा?

सोल्डरवाला
घरी इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड दुरुस्त करतो, बरीच वर्षं झाली. सोल्डर म्हणजे बोर्डवर भाग जोडायला वितळवतात तो धातू. युरोपात 2006 पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूत शिसं 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही, आणि तसेच नियम पुढे बऱ्याच देशांत आले. आता जुनं 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 अंशाला वितळतं, बिनशिशाचं साधारण 217 ला, म्हणजे सोल्डरिंग आयर्न जास्त तापवा आणि तेवढ्यात बोर्डवरचा तांब्याचा पॅड उचकटून हातात येतो. बरं, आयर्नच्या 350 अंशावर शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही, शिसं उकळायला 1700 च्या वर जावं लागतं. नाकात जो धूर जातो तो फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून वापरतात त्या राळेसारख्या पदार्थाचा, दमा त्याने होऊ शकतो आणि फ्लक्स दोन्हीकडे असतोच. आणि गाडीच्या बॅटरीत किलोकिलोने शिसं असतं ते चालतं! हे प्रमाण मला पटत नाही.

मातीकाठ
तू तुझ्या टेबलापुरतंच बघतोयस रे. तो नियम तुझ्या नाकासाठी नाहीच, बोर्ड फेकल्यावर उघड्यावर जाळून तांबं काढणाऱ्या माणसांसाठी आहे, ते शिसं तिथल्या मातीत उतरतं आणि तिथे पोरं खेळतात. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित मात्राच माहीत नाही. बॅटरीचं म्हणशील तर ती गोळा होऊन तिचं शिसं परत वितळवून वापरतात, बोर्डचं बहुतेक वेळा तसं होत नाही. पेट्रोलमधलं शिसं काढतानाही इंजिनं खराब होतील म्हणून ओरड झालीच होती, तरी 2021 मध्ये शेवटच्या देशाने म्हणजे अल्जेरियाने पण बंद केलं. आणि घरी शिशाचं सोल्डर वापरलंस तर तुला कोण अडवतंय, नियम विकणाऱ्याला आहे.

सोल्डरवाला
वापरायला नाही अडवत, पण 2018 पासून युरोपात किरकोळ ग्राहकाला ते विकायलाच मनाई आहे, मग आणायचं कुठून? हात धुवा, टेबलावर खाऊ नका एवढं सांगितलं तरी बराच धोका जातो. मातीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी धरलाच नव्हता.

भाचीची मावशी
तुमचं सोल्डर राहू द्या जरा. माझ्या भाचीनं छोट्या रिमोटमधला बटण सेल, म्हणजे नाण्यासारखी चपटी गोल बॅटरी, गिळला, झाकणाला स्क्रू नव्हता, नखानं उघडत होतं. ती फक्त लाळ गाळत होती, रडतही नव्हती, आम्हाला वाटलं दात येतायत. एक्सरेत गोल दिसलं, नाणं असेल म्हणून आम्ही निश्चिंत होणार तेवढ्यात डॉक्टरांनी कडेची दुहेरी रेघ दाखवली, नाण्याला ती नसते. 20 मिलीमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की आतल्या ओल्या आवरणातून करंट वाहतो, तिथे अल्कली म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं भाजणारं रसायन तयार होतं आणि दोन तासात जखम खोल जाते, सेल फुटायची गरजच नाही. जुना, उतरलेला सेलसुद्धा हे करतो. खेळण्यांच्या झाकणाला बऱ्याच देशांत स्क्रू किंवा तसंच पोराला न उघडणारं काही सक्तीचं आहे, पण रिमोटला, वजनकाट्याला, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डाला बऱ्याच ठिकाणी नाही. पोराला काय कळतं कुठलं खेळणं आणि कुठला रिमोट!

सोल्डरवाला
मी हेच म्हणतोय ना. वस्तूत विष किती ते मोजतात, अंगात शिरतं कसं ते बघत नाहीत.

मातीकाठ
नाही, तुझं आणि त्यांचं म्हणणं एक नाही. त्या नियम वाढवा म्हणतायत, तू कमी कर म्हणतोयस. स्क्रूला माझा पूर्ण पाठिंबा, पण त्यासाठी शिसं परत आणायला मी तयार नाही.

भाचीची मावशी
मी कमी करा म्हणतच नाहीये. आधी घरातली सगळी रिमोटं उलटी करून बघा, ज्याला स्क्रू नाही त्याच्या झाकणावर आजच चिकटपट्टी लावा, मग खुशाल वाद घाला.