मदत हवी आहे: कॉमिक्सच्या भिशीत एकच मालिका बसते, कोणती घेऊ?

जंक्शनवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण त्यापायी आमच्या चौघांत आठवडाभर अबोला आहे, म्हणून इथे टाकतोय.

आम्ही भुसावळ-यावलकडचे चार जण कॉमिक्सची भिशी चालवतो. दर महिन्याला प्रत्येकी तीनशे. चिठ्ठी निघत नाही एवढाच फरक; जमलेल्या पैशांतून कॉमिक्स येतात आणि चौघांच्या घरी पाळीपाळीने फिरतात. मी लोको शेडला. एक दोस्त मेडिकलवाला, एक झेडपीच्या शाळेत मास्तर, आणि चौथी माझी भाची, अकरावीला आहे. तिचे तीनशे मीच भरतो, पण तिचं मत पूर्ण धरायचं असा ठराव आहे. (ठराव मीच मांडला होता. आता बोलून काय उपयोग.)

मागच्या वर्षी आम्ही सुटे अंक मागवायचो, यातला एक त्यातला एक. पावसाळ्यात एक पार्सल असं भिजून आलं की दोन अंकांचा पापड झाला. एका मालिकेचा पुढचा अंक चार महिने आलाच नाही, तोवर शेवट मोबाईलवर कळून गेला. म्हणून यंदा ठरवलं की मालिका एकच घ्यायची, पण पहिल्या पानापासून नीट.

गेल्या रविवारी मास्तरच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी. मेडिकलवाल्याने विषय काढला आणि वांग्यांकडे कोणी बघितलंच नाही. सगळी कोळसा.

त्याचं म्हणणं, *ॲब्सोल्यूट बॅटमॅन*. डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेली, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. यात ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, दमडी नाही. वाडा नाही, बटलर नाही. नेहमीचा बटलर आल्फ्रेड आहे, पण इथे तो ब्रिटिश गुप्तहेर. ब्रूस शहराच्या नोकरीतला इंजिनिअर, आई जिवंत, आणि अंगाने एवढा दांडगा की दारातून आडवा व्हावा लागेल. छातीवरचं वटवाघूळ काढून त्याची कुऱ्हाड करतो. मेडिकलवाला म्हणतो, "आजवर श्रीमंताचा पोरगा गरिबांना बडवत होता, आता कुठे हिशोब सरळ झाला."

मास्तरही बॅटमॅनच्याच बाजूने, पण त्याचं कारण निराळं. यात ब्रूसचा बाप शाळामास्तर आहे. वर्गाची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलेला असताना गोळीबारात जातो. आमचा मास्तर दरवर्षी चाळीस पोरं घेऊन पाटणादेवीला जातो. तो अंक वाचून दोन दिवस गप्प होता.

माझं मत *अल्टिमेट स्पायडरमॅन*. मार्व्हल कंपनीची, जानेवारी २०२४ ला सुरू झालेली, जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेट्टोची. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, पस्तिशीचा, मेरी जेनशी लग्न झालेलं, रिचर्ड आणि मे अशी दोन पोरं, पोट सुटायला लागलेलं. (पोट माझं.) आयुष्य तसं बरं चाललंय, पण काहीतरी व्हायचं होतं ते राहून गेलं हे त्याला मनात टोचत असतं. मग कोळी चावतो. चावू द्यायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो, ही यातली गोम. बेन काका इथे जिवंत आहेत, गेली आहे ती मे काकू. रात्रपाळी संपवून घरी आलो की मला हेच वाचावंसं वाटतं.

भाची म्हणते, *ॲब्सोल्यूट वंडर वूमन*. आणि का म्हणून विचारलं तर, "मामा, तुम्ही आधी वाचा, मग विचारा."

तर प्रश्न तीन. कोणती मालिका? सुटे अंक की खंड (म्हणजे काही अंक एकत्र बांधलेलं पुस्तक)? आणि बॅटमॅन सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात द्यावा का? ताई नाहीतर मलाच धरेल.

धुळ्याचा_पांझराकाठ

मनं आयक भो, बॅटमॅनच ले. बाकी बठ्ठा पैसा पानीमा.

अहिराणी पुरे, आता शुद्ध मराठीत लिहितो. दोस्तांची गोष्ट म्हणून वाचा ती. यातला ब्रूस क्राइम ॲली या बदनाम वस्तीत वाढलेला, आणि त्याची लहानपणची टोळी कोण? ऑस्वल्ड, हार्वी, वेलन, एडी, सेलिना. म्हणजे बाकीच्या बॅटमॅनमध्ये जे पेंग्विन, टू-फेस, किलर क्रॉक, रिडलर, कॅटवूमन, ते इथे त्याच्याबरोबर पत्ते कुटणारे. यातला कोण कधी घसरेल या धाकधुकीतच पानं उलटतात. आणि जोकर? तो गडगंज. विनोद करणारा गरीब आणि गंभीर श्रीमंत ही जुनी जोडीच उलटी करून टाकली.

एक शंका मात्र आहे. शहराच्या नोकरीतला इंजिनिअर रात्री बारा वाजता कामाला हजर? आमच्याकडे पाइप फुटला तर सकाळी अकरालाही फोन लागत नाही.

जुना_वेताळभक्त

तुम्ही पोरं कुठल्या कुठे भांडता. आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून यायचं. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. वेताळाचा (म्हणजे फँटमचा) एक ठोसा आणि जबड्यावर कवटीची खूण, झालं काम. भुसावळ स्टेशनवर गाडी पाणी भरायला थांबली की वडील खाली उतरून अंक आणायचे. गाडी हलली तरी ते दिसायचे नाहीत आणि आई रडायला लागायची.

तक्रार एकच. वेताळ बापाकडून पोराकडे आलेला, एकविसावा असला तरी गोष्ट एकच होती. तुमच्या इथे दर दोन वर्षांनी बॅटमॅन पुन्हा एक नंबरपासून. हा ॲब्सोल्यूटवाला निराळा, आणि नेहमीचा बॅटमॅन सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट फ्रॅक्शन आणि होर्हे हिमेनेझ यांनी परत पहिल्या अंकापासून काढला तो निराळा. नातू मला समजावतो आणि मी मान डोलावतो.

केळीबाग_रावेर

आप्पा, तुमचा वेताळ तर आमचा ध्रुव. बऱ्हाणपूरकडून हिंदी राज कॉमिक्स यायची, दुकानदार एक रुपया रोजाने भाड्याने द्यायचा. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, अनुपम सिन्हांचा. ध्रुवकडे शक्ती नाही, पैसा नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा. डोकं आणि कसरत यांवरच चाललेलं. बिनपैशाचा हिरो आम्ही तेव्हाच बघितला होता, स्नायडरसाहेब आत्ता आले.

मालिकेबद्दल बोलायचं तर जंक्शनवाले भाऊ, एक गोष्ट ध्यानात घ्या. स्पायडरमॅन २४ अंकांवर आटोपला. सहा-सहा अंकांचे चार खंड, खेळ खल्लास. म्हणजे "चालू मालिका" म्हणून भांडायचं असेल तर तो शर्यतीतच नाही. पण भिशीच्या हिशोबात हीच त्याची जमेची बाजू. किती पैसे लागणार ते आज कळतं. बॅटमॅन किती वर्षं चालेल ते तो ड्रॅगोटासुद्धा सांगू शकणार नाही.

धुळ्याचा_पांझराकाठ

संपलेलं पीक मोजणं सोपं असतं भाऊ, गोडी उभ्या पिकात असते. आणि खरं सांगू का, स्पायडरमॅन मधे रेंगाळला. पहिले सहा अंक झकास. नवरा-बायकोचं बोलणं, बेन आणि जेमसन या दोन म्हाताऱ्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र काढणं, सगळं. मग दोस्त हॅरी, खलनायक किंगपिन आणि टोळ्या यांच्यात पीटर घरी कमीच दिसायला लागला. मला तो घरातच आवडायचा.

जंक्शनवाला

हे मात्र खरं आहे. वाचताना मलाही ते जाणवलं होतं, पण मेडिकलवाल्यासमोर कबूल करणार नाही.

जळगावची_वाचनवेडी

दादा, मी दोन मुलांची आई आणि ही तिन्ही वाचलेली, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते.

बॅटमॅन रक्तरंजित आहे. पहिल्याच अंकात कुऱ्हाडीने हात तुटतो, आणि पुढे बेनचा भाग येतो (बेन काका नव्हे, तो राक्षस) तेव्हा मीच दोन पानं बोटांच्या फटीतून बघितली. सोळाव्या वर्षी चालेल, पण आईला अंधारात ठेवून नको. तुमच्या ताईंच्या हातात आधी तुम्हीच द्या, नंतर सापडण्यापेक्षा ते बरं.

आता भाचीचं. वंडर वूमन केली थॉम्पसनने लिहिली आहे, चित्रं हेडन शर्मनची. २०२५ चं सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचं आयस्नर (कॉमिक्समधलं मानाचं) पारितोषिक तिलाच मिळालं, तुमच्या बॅटमॅनला नाही. यात डायना, म्हणजे वंडर वूमन, ॲमेझॉन या लढवय्या बायकांत वाढलीच नाही. तान्ही असताना तिला नरकात आणून टाकतात, तिथे कैदेत असलेल्या सर्सी नावाच्या चेटकिणीकडे. सर्सीला मूल नकोच असतं. ती पोर आधी सापाला हात लावते, मग राक्षसांशी दोस्ती करते, आणि चेटकिणीचा नाइलाज होतो. पुढे एका माणसाला नरकातून घरी धाडण्यासाठी डायना स्वतःचा हात देते. घोडा आहे तो हाडांचा, पंखवाला. तलवार तिच्याहून मोठी. आणि एवढं सगळं भयंकर असून पोरगी स्वभावाने सगळ्यांत मऊ.

शर्मनची पानं बघा. चौकटी कुठे गोल, कुठे तिरक्या, पण वाट चुकत नाही. आणि जॉर्डी बेलेअरचे रंग.

सुटे अंक घेऊ नका. खंडच घ्या. खंडात जाहिराती नाहीत आणि शेवट अधांतरी राहत नाही. पहिल्या खंडात बॅटमॅनचे सहा अंक येतात, वंडर वूमनचे सात. मार्व्हलचं वाचायचं असेल तर त्यांचं ॲप आहे, नवे अंक साधारण तीन महिन्यांनी तिथे येतात. स्पायडरमॅन तिकडे वाचून टाका, भिशी मोडायला नको.

केळीबाग_रावेर

ताईंनी सांगितलं ते बरोबर, पण मोबाईलवर दोन पानी चित्र बघणं म्हणजे खिडकीच्या फटीतून वरात बघणं. टॅब असेल तर ठीक.

आणि कोणी *ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर*चं नाव कसं घेतलं नाही? डेनिझ कॅम्प आणि हाविएर रॉड्रिगेझ. लोकांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे दिसतात. मारामारी जवळपास नाही. नवरा-बायकोच्या भांडणाचा रंग बघून मी पुस्तक मिटलं आणि आत जाऊन चहा केला, दोघांसाठी.

जुना_वेताळभक्त

मालेगावात पॉवरलूमवर राबणाऱ्या माणसाने सुपरमॅनचा झगा घातला आणि गल्लीतल्या गल्लीत सिनेमा झाला, हे विसरू नका. पैसे नसलेला हिरो शोधायला एवढ्या लांब कशाला जायचं. बाकी चालू द्या.

जंक्शनवाला

मंडळी, उशिरा कळवतोय, मधे डबल ड्यूटी होती.

वाचनवेडी ताईंचा सगळा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. भाची ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मामा, मास्तरकाकांना मेलेला बाप आवडला, तुम्हाला दमलेला बाप आवडला, मेडिकलकाकांना बापाचा पैसा गेला ते आवडलं. मला आईची गोष्ट वाचायची आहे. एवढंच."

मास्तर हसायला लागला. मेडिकलवाला नाही.

ठरलं ते असं. पहिला खंड वंडर वूमनचा, मागवला. त्यानंतर बॅटमॅनचा पहिला, तो आधी ताईच्या हातात देणार, हेही ठरलं. (ताईने चार पानं चाळली तर दोन महिने माझं जेवण बंद, पण असो.) एकच मालिका घ्यायचा ठराव मोडला हे मान्य. स्पायडरमॅन मी मास्तरच्या टॅबवर ॲपवरून परत वाचतोय, सहाव्या अंकापर्यंत आलोय, पुढे जायची घाई नाही.

भाचीची एक अट आहे. इंग्रजी तिचं आमच्यापेक्षा जोरात, म्हणून खंड आधी तिच्याकडे, आणि पुढच्या पार्टीला ती गोष्ट मराठीतून सांगणार. सांगताना मधे कोणी बोलायचं नाही. मास्तरने विचारलं, मग वांगी कोण उलटणार?

काल रात्री मेडिकलवाल्याने ग्रुपवर एका वांग्याचा फोटो टाकला. खाली एकच शब्द, "रविवारी?"