मदत हवी आहे: एअर फोर्सचा फॉर्म, इंग्रजीत ४१, पुढे जातच नाही!! अर्जंट

सिडकोवाली
लहान भावाचा एअर फोर्सचा फॉर्म भरतेय. इंग्रजीच्या रकान्यात ४१ टाकले की पात्र नाही असं येतं. बाकी सगळं ओके आहे, उंची पण चांगली आहे. शेवटची तारीख तोंडावर आलीय. सायबर कॅफेवाला म्हणतो ५० टाका, नंतर कोण बघतंय. काय करू? लवकर सांगा, उगाच भाषण नको.

झणझणीत
कुठला फॉर्म? बारावीनंतर ऑफिसर व्हायची एनडीए, पदवीनंतरची अफकॅट की अग्निवीर? सगळ्यांच्या अटी वेगळ्या आहेत.

गंगापूररोड
४१ कितीपैकी? आणि दहावीचे का बारावीचे?

सिडकोवाली
एअर फोर्सचाच, सांगितलं ना वर. ४१ शंभरपैकी. दहावीचे.

मिशन_एनडीए
माझं स्पष्ट मत, जायचं तर ऑफिसर म्हणूनच जावं. संभाजीनगरची एसपीआय आहे, एनडीएची तयारी करून घेणारी संस्था, १९७७ पासून राज्य सरकार चालवतं, तिथून किती पोरं एनडीएला गेली बघा. नाशिकलाही आता मुलींसाठी तशी संस्था झालीय. भावाला आजच एनडीएच्या गणिताला बसवा. गणित ३०० मार्कांचं, जीएटी म्हणजे सामान्य क्षमतेचा पेपर ६०० चा, मग एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत ९०० ची. माझा पुतण्या

मिशन_एनडीए
(आधीची पोस्ट अर्धीच गेली) माझा पुतण्या दोनदा एसएसबीला जाऊन आला, त्याच्याशी बोलायचं असेल तर सांगा.

झणझणीत
अहो, पण भावाचं वय किती, शिक्षण काय, काहीच माहिती नाही अजून. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं.

ओझरचा_सार्जंट
ताई, मी एअर फोर्समधून निवृत्त आहे, टेक्निकल ट्रेडला होतो. तीन गोष्टी सांगा. स्क्रीनवर वर काय नाव लिहिलंय? दहावीनंतर मुलाने काय केलं? जन्मतारीख काय? आणि तोवर कॅफेवाल्याला कीबोर्डला हात लावू देऊ नका.

सिडकोवाली
वर अग्निवीरवायू लिहिलंय. दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा, मागच्या वर्षी पूर्ण झाला, ६८ टक्के. वयाचा प्रॉब्लेम नाहीये, जन्मतारीख टाकली ती घेतली साइटने. पायलटसाठी हाच फॉर्म ना?

गंगापूररोड
अरे देवा.

ओझरचा_सार्जंट
नाही ताई. अग्निवीरवायू म्हणजे चार वर्षांची भरती, वय साडेसतरा ते एकवीस. विमानाची देखभाल, रडार, स्टोअर्स, ऑफिस अशी कामं. विमान उडवतात ते ऑफिसर. त्यांचे रस्ते एनडीए, सीडीएस (तिन्ही दलांची पदवीधरांची परीक्षा), अफकॅट आणि एनसीसी स्पेशल एंट्री. अफकॅटच्या फ्लाइंग ब्रँचला पदवी ६० टक्क्यांनी लागते आणि बारावीला फिजिक्स आणि गणितात प्रत्येकी ५० टक्के. डिप्लोमावाल्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं, कारण बारावीच नसते. भावाला विचारा त्याला नेमकं काय व्हायचंय. तुम्हाला काय वाटतं ते नको.

आता ४१ चं. डिप्लोमावाल्यांसाठी नियम असा: डिप्लोमाला एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के. इंग्रजीचे मार्क डिप्लोमातले धरतात. डिप्लोमात इंग्रजी विषयच नसेल तर दहावी किंवा बारावीचे. म्हणजे दहावीचे ४१ बघायची वेळ कदाचित येणारच नाही. पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट काढा. एमएसबीटीईला, म्हणजे डिप्लोमाच्या बोर्डाला, त्या बॅचला पहिल्या सेमला इंग्रजी हा विषय असायचा.

पंचवटी_अप्रेंटिस
कशाला ते चार वर्षांचं? मेकॅनिकल डिप्लोमा आहे ना, सरळ नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात अप्रेंटिस करायची. मिग-२१ तिथेच बनले, आता सुखोई आणि तेजस. घरचा डबा, संध्याकाळी घरी.

झणझणीत
अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही भो. वर्ष संपलं की नमस्कार.

पंचवटी_अप्रेंटिस
आणि अग्निवीर संपल्यावर काय, पेन्शन? शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार. बाकीचे चोवीस-पंचविशीत परत नाशकात.

मिशन_एनडीए
म्हणूनच म्हणतो ऑफिसर.

सातपूर_एमआयडीसी
पहिल्या वर्षी महिना ३०,००० दाखवतात, त्यातले ९,००० फंडात जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सेवा निधीचे, म्हणजे त्याच फंडाचे, साधारण १०.०४ लाख. राहणं, खाणं, कपडे त्यांचे. आमच्याकडे डिप्लोमाचा पोरगा ठेकेदाराकडे १५-१६ हजारात राबतो, डबा स्वतःचा, गाडीचं पेट्रोल स्वतःचं. गणित तुम्हीच करा. मी कंपनीत एचआरला आहे, चार वर्षं शिस्तीत काढून आलेला पोरगा मी तरी आधी घेईन.

पंचवटी_अप्रेंटिस
घ्याल हो, ठेकेदारामार्फत.

मखमलाबाद_भूषण
फॉर्मच्या भानगडीत कशाला पडता? नाशिकच्या गांधीनगर एअरपोर्टवर जाऊन प्रत्यक्ष भेटा, तिथे रोज हेलिकॉप्टरं उडतात. माझ्या ओळखीचा एक जण आहे, थोडं द्यावं लागतं, पण काम होतं.

ओझरचा_सार्जंट
गांधीनगरला आर्मीची एव्हिएशन शाळा आहे. एअर फोर्सशी संबंध नाही. अग्निवीरवायूची नोंदणी फक्त ऑनलाइन, ओझरच्या किंवा देवळालीच्या गेटवर कोणी फॉर्म घेत नाही. 'थोडं द्यावं लागतं' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे पोलिसात द्यावं. ऑनलाइन पेपर, मग सिलेक्शन सेंटरला पळणं, मग दोन अॅडॅप्टेबिलिटी टेस्ट (मुलगा दलात रुळेल का ते बघतात), मग मेडिकल. आपल्या बाजूचं सेंटर मुंबईला कॉटन ग्रीनला. यात तुमचा ओळखीचा माणूस नेमका कुठे बसतो ते सांगा.

मखमलाबाद_भूषण
बरं बाबा, राहिलं.

सिडकोवाली
इतकं सगळं लिहिलंत, आता माझं सांगा. पहिल्या सेमला इंग्रजी आहे, ६३ पडलेत. ते टाकू? आणि कॅफेवाला म्हणतो दहावीचे ४१ पण ५० करून टाकू, सेफ राहील.

ओझरचा_सार्जंट
६३ टाका, डिप्लोमाच्या रकान्यात. दहावीचे जिथे विचारलेत तिथे ४१ च. दुसऱ्या टप्प्यात मूळ मार्कशीट समोर ठेवून जुळवतात. तफावत दिसली की मुलगा बाहेर, मग पळण्यात पहिला आला असला तरी. टक्केवारीतही तेच, ४९.९९ म्हणजे ४९ धरतात, वर ढकलत नाहीत.

मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचाच आहे ना? कॅफेवाले स्वतःचा टाकतात, मग अॅडमिट कार्ड आलेलं पोराला कळतच नाही.

सिडकोवाली
ईमेल कॅफेचाच टाकलाय बहुतेक. बदलते. ६३ ला पुढे गेला फॉर्म!! आता फोटोवर अडलंय, घेत नाही.

गंगापूररोड
पाटी धरून काढलाय का? काळी पाटी छातीशी धरायची, खडूने त्याचं नाव आणि फोटो काढल्याची तारीख, इंग्रजी कॅपिटलमध्ये. माझ्या भाच्याने पांढऱ्या कागदावर लिहिलं होतं.

सिडकोवाली
पाटी?? २०२६ मध्ये पाटी कुठून आणू

झणझणीत
मेनरोडला स्टेशनरीत मिळते अजून. बालवाडीवाले घेतात.

कृषीनगर_रनर
फॉर्मचं होईल हो, पळायचं काय? १.६ किमी सात मिनिटांत. ऐकायला सोपं आहे. नंतर १० पुशअप, १० सिटअप, २० स्क्वॉट. पोरं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आठवडाभर पळतात आणि पोटऱ्या धरून बसतात. आत्तापासून रोज थोडं थोडं. पांडवलेणीच्या पायऱ्या पण करा, पण फक्त चढायच्या. उतरताना गुडघे जातात.

झणझणीत
मग खाली कसं यायचं?

कृषीनगर_रनर
हळू.

डोळस
चष्मा असेल तर लेझर करून घ्या, दहा मिनिटांत काम होतं. मी केलं, आता घुबडासारखं दिसतं.

ओझरचा_सार्जंट
थांबा! अग्निवीरवायूला लेझर, म्हणजे पीआरके किंवा लॅसिक, चालतच नाही. केलेलं सापडलं की अनफिट. ऑफिसरच्या एंट्रीत वेगळे नियम आहेत, तिथेही विसाव्या वर्षाआधी केलेलं चालत नाही. भलता सल्ला देऊ नका. ताई, भावाला चष्मा आहे?

सिडकोवाली
आहे, पण छोटासा. रोज लावत नाही.

ओझरचा_सार्जंट
छोटासा म्हणजे किती? नंबर सांगा, दोन्ही डोळ्यांचा. चष्म्याशिवाय प्रत्येक डोळा ६/१२ आणि चष्म्याने ६/६ लागतो. मायनस नंबर एकपर्यंत, सिलिंड्रिकल अर्धा त्यातच धरून. प्लस असेल तर दोनपर्यंत. रंग ओळखायची तपासणी वेगळी.

सिडकोवाली
डावा -०.७५. उजवा -१.२५. पण हा कागद जुना आहे, डिप्लोमाला जाताना काढलेला.

ओझरचा_सार्जंट
या कागदावर उजवा बसत नाही. पैसे भरलेत का?

सिडकोवाली
नाही, ५५० आणि जीएसटी दाखवतंय, तिथेच थांबलेय.

ओझरचा_सार्जंट
मग उद्या सकाळी आधी डोळ्यांचा डॉक्टर. चष्म्याच्या दुकानातलं मशीन नको, थेंब टाकून नीट तपासायला सांगा आणि कशासाठी हवंय तेही सांगा. नंबर एकच्या आत निघाला तर संध्याकाळी पैसे भरा. बाहेर निघाला तर या फॉर्मला पाचशे रुपये घालू नका, पोराला पदवीकडे वळवा. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग मिळतं, आणि अफकॅटच्या ग्राउंड ड्यूटीला (जमिनीवरच्या कामाला) चष्म्याची मर्यादा सैल आहे. टेक्निकल ब्रँचच्या अटी मात्र आधी वाचून घ्या, बारावीच्या फिजिक्स-गणिताची गोष्ट तिथेही येते.

मिशन_एनडीए
बघा, शेवटी ऑफिसरच.

सिडकोवाली
भावाला विचारलं. त्याला पायलट व्हायचंच नाहीये म्हणे, इंजिनवर काम करायचंय. पायलटचं पप्पांच्या डोक्यात होतं. उद्या सकाळी नेते त्याला डॉक्टरकडे, पाटी येताना आणते. धन्यवाद काका.

इंदिरानगर_आई
धागा चालूच आहे तर विचारते. माझ्या मुलाच्या अंगावर टॅटू आहे, चालेल का?

ओझरचा_सार्जंट
कुठे आहे, केवढा आहे, कसला आहे?

इंदिरानगर_आई
मानेवर. एका मुलीचं नाव आहे.

ओझरचा_सार्जंट
मग नाही चालत. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे, एवढीच सूट. आणि अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही, तेही त्या मुलीच्या कानावर घालून ठेवा.