शब्दचर्चा: ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ला मराठीत काय म्हणायचं?

दादरकर: मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले निवासी डॉक्टर आणि अध्यापक यांच्यासाठी एक ब्रिटिश प्रश्नावली मराठीत आणायची आहे. डॉक्टरकीत स्त्रिया वरच्या पदांपर्यंत पोचाव्यात म्हणून मुद्दाम काही उपाय करावेत का, करावेत तर कोणते, असा विषय. मूळ शब्द ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’. ‘सकारात्मक कृती’, ‘सकारात्मक भेदभाव’, ‘आरक्षण’, ‘झुकते माप’ एवढे पर्याय हाताशी आहेत. यातला कुठला चालेल?

कलमबहाद्दर: ‘सकारात्मक भेदभाव’ आधी बाद करा. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात कलम १५८ खाली मागे पडलेल्या गटासाठी प्रशिक्षण, मार्गदर्शन, अर्ज करण्याचं खास आवाहन असे उपाय करता येतात. कलम १५९ भरती आणि बढतीपुरतं आहे. दोन उमेदवार सारख्याच पात्रतेचे असतील तर मागे पडलेल्या गटातल्याला घेता येतं, पण सरसकट तसं धोरण ठेवता येत नाही; दर वेळी उमेदवार तोलावे लागतात. कमी पात्र उमेदवाराला केवळ स्त्री म्हणून निवडलं तर तो तिथे बेकायदा भेदभाव ठरतो. म्हणजे कायदेशीर काय आणि बेकायदा काय ही रेषाच तुमच्या शब्दाने पुसली जाईल.

वॉर्डवाली: ‘सकारात्मक’सुद्धा नको. वॉर्डात पॉझिटिव्ह म्हणजे रिपोर्ट, आणि वॉर्डाबाहेर सकारात्मक म्हणजे सुविचार. इमर्जन्सी उरकून आलेला रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, ‘सकारात्मक कृतीला तुमचा पाठिंबा आहे का’ हे वाचून ‘सहमत’वर टिक करून मोकळा होईल. चांगल्या गोष्टीला नाही कोण म्हणतंय?

परळकर: आपल्याकडे छत्रीसारखा शब्द आहे, तो संविधानातलाच. अनुच्छेद १५(३) राज्याला स्त्रिया आणि बालकांसाठी ‘विशेष तरतूद’ करू देतो. त्या तरतुदीत नोकरीतलं आरक्षणही बसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या विजयकुमार निकालात सांगितलं. म्हणजे विशेष तरतूद हा मोठा गट आणि आरक्षण त्यातला एक प्रकार. प्रश्नावलीत ‘आरक्षण’ लिहिलंत की बाकी सगळे प्रकार झाकले जातील आणि उत्तरं येतील ती प्रवेशाच्या यादीवरच्या जुन्या रागाची.

त्यातही स्त्रियांचं आरक्षण समांतर आहे, म्हणजे आडवं, प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजायचं, हे डॉक्टर मंडळींतही फार थोड्यांना नीट ठाऊक असतं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत ते ३० टक्के आहे. समजा एका प्रवर्गाच्या २० जागा आहेत. ३० टक्के म्हणजे ६. गुणवत्तेने लागलेल्या पहिल्या २० जणांत ६ किंवा जास्त स्त्रिया असतील तर काहीही करायचं नाही, यादी आहे तशीच. चारच असतील तर त्याच प्रवर्गातले तळाचे २ पुरुष वगळून यादीतल्या पुढच्या २ स्त्रिया घ्यायच्या. गुणवत्तेवर आलेल्या स्त्रियाही त्या सहांत मोजायच्या, हे राजेश कुमार डारिया निकालाने (२००७) स्पष्ट केलं. खुल्या गटातल्या स्त्रियांसाठीच्या जागा गुणांवर कुठल्याही प्रवर्गातल्या स्त्रीला मिळतात, हे सौरव यादव निकालाने (२०२०). लोक मात्र धरून चालतात की ६ जागा आधी बाजूला काढायच्या आणि गुणवत्तेवर आलेल्या स्त्रिया त्यावर वेगळ्या. ‘मुलींनी जागा खाल्ल्या’ हे या चुकीच्या गणितातून येतं. जिथे मुली गुणांवरच निम्म्याच्या आसपास आहेत, तिथे ही तरतूद कागदावर राहते, एकही नाव इकडचं तिकडे होत नाही. म्हणून शब्द ‘कोटा’ तर नकोच. कोटा म्हटलं की वरची मर्यादा वाटते. हा तळ आहे.

सायनची: परळकर, गणित चोख. पण मला ‘सवलत’ या शब्दाची जास्त धास्ती वाटते, कारण तो बोलताना आपोआप येतो. ‘बायकांना प्रसूती रजेची सवलत’ असं सर्रास म्हणतात. ती सवलत नाही आणि पॉझिटिव्ह ॲक्शनही नाही. भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ करारात, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या करारात, हे दोन वेगळ्या कप्प्यांत आहे. अनुच्छेद ४ च्या पहिल्या भागात तात्पुरते विशेष उपाय, समता आली की बंद करायचे. दुसऱ्या भागात मातृत्वाचं संरक्षण, त्याला ‘तात्पुरते’ हे विशेषण नाही.

व्यवहारात घोळ कुठे होतो पाहा. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ ची २६ आठवडे झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण पदव्युत्तर विद्यार्थिनीला ८० टक्के हजेरीही भरावी लागते. रजा गेली की तेवढी मुदत वाढते, मुदत वाढली की परीक्षेची खेप चुकते, परीक्षा चुकली की सीनियर रेसिडेन्सी (पदव्युत्तर पदवीनंतरची, अध्यापक होण्याआधीची नोकरी) मागे, आणि सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीला बॅच पुढे निघून गेलेली. रजा हक्काची असूनही मागे पडणं होतंच. हे भरून काढायला जे कराल, म्हणजे पुढच्या फेलोशिपची वयोमर्यादा रजेचे महिने वगळून मोजणं किंवा परीक्षेची जादा खेप ठेवणं, ती पॉझिटिव्ह ॲक्शन. प्रश्नावलीत रजा आणि हे उपाय एकाच ओळीत आले तर उत्तराला अर्थ राहणार नाही.

झुकतेमाप_नको: माझी हरकत ‘झुकते माप’ला. या शब्दात काटा आधी सरळ होता हे गृहीत धरलेलं आहे. २०१८ मध्ये उघड झालं की तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटी प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण गुपचूप कमी करत होती. लग्न-मुलं झाली की बायका काम सोडतात, हे कारण. खरं झुकतं माप ते, पुरुषांच्या बाजूने आणि लपवून. विशेष तरतूद आधी जाहीर करावी लागते, मुदत आणि निकष सांगावे लागतात. दोन्हींना एक शब्द लावू नका.

गोरेगावकर: जुन्या मुंबईत हे झालेलंच आहे की. १८८३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर एडिथ पीची इथे आल्या, १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं, स्त्री रुग्णांसाठी स्त्री डॉक्टर अशा रचनेने. पण ते रुग्णांच्या सोयीसाठी, डॉक्टर बाईंच्या बढतीसाठी नव्हे. ‘लेडी डॉक्टर हवी’ याला आजही सगळे हो म्हणतात, आणि त्याच होकाराने बाईंना गायनॅककडे वळवतात. ऑर्थोपेडिक्सच्या मुलाखतीत हा होकार कामाला येत नाही. प्रश्नावलीत ‘रुग्णांसाठी’ आणि ‘डॉक्टरांच्या संधीसाठी’ वेगळं विचारा.

सायनची: गोरेगावकरांना दुजोरा. आता कृती सांगते, दादरकर. शीर्षकात ‘समतेसाठी विशेष उपाय’ ठेवा, पण प्रश्नांत तोही नको, उपायच लिहा. ‘गुण आणि अनुभव अगदी सारखे असतील, आणि विभागात स्त्री अध्यापक कमी असतील, तर स्त्री उमेदवाराला प्राधान्य द्यावं.’ ‘संशोधनाचा निधी देताना संस्थेने समतेसाठी काय केलं हे पाहावं.’ हे दुसरं ब्रिटनमध्ये झालं होतं: २०११ मध्ये तिथल्या आरोग्य संशोधन निधीचा काही भाग स्त्री-पुरुष समतेच्या कामासाठी संस्थांना मिळणाऱ्या अथेना स्वान या पुरस्काराच्या रौप्य पातळीशी जोडला आणि २०२० मध्ये ती अट काढली. एका वाक्यात ‘योग्य आणि आवश्यक’ असे दोन प्रश्न कोंबू नका. ‘असू नये’ या वाक्यापुढे ‘असहमत’ ठेवलंत तर दमलेला माणूस उलट खूण करतो. आरक्षणाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी आला की पुढची सगळी उत्तरं त्याच्या रंगात येतात.

कलमबहाद्दर: उलट भाषांतर, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी, करून पाहणार असालच. त्यात एक सापळा आहे. ‘सवलत’ इंग्रजीत परत नेली की चूक लगेच दिसते. ‘सकारात्मक कृती’ मात्र हुबेहूब ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ होऊन परत येते, कारण ती मराठी झालेलीच नसते. म्हणून मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर तर करून घ्याच, शिवाय काही निवासी डॉक्टरांना वाक्य वाचायला देऊन ‘यात काय विचारलंय’ ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा.

वॉर्डवाली: आणि एक उलटा प्रश्न घाला. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना असतात. नर्सिंगमध्ये पुरुष आधीच कमी, तरी झुकाव स्त्रियांकडे. हे समतेसाठी आहे, रुग्णांसाठी आहे की ‘सिस्टर’ या शब्दाच्या सवयीने आहे? विशेष उपायांच्या बाजूने आणि विरोधात जोरात बोलणारे दोघेही इथे अडखळतात.

दादरकर: घालते. ‘ब्रदर’ला काय लिहू, परिचारक?

वॉर्डवाली: ‘पुरुष नर्स’ लिहा. परिचारक वाचून लोकांना वॉर्डबॉय वाटेल.