साखीर २०२०: पेरेझ जिंकला की मर्सिडीजने शर्यत घालवली?

प्रश्न | गोदाकाठचा_प्रेक्षक

फॉर्म्युला वनचा नाद अलीकडेच लागलाय, त्यामुळे जुन्या शर्यती शोधून बघणं चालू आहे. काल बहारीनची २०२०ची साखीर ग्रां प्री पाहिली. सेफ्टी कार (अपघातानंतर पुढे राहून सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आल्यावर मर्सिडीजने आपल्या रसेल आणि बोटास या दोन्ही ड्रायव्हरना एकामागोमाग पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) घेतलं, आणि तिथून पुढे माझा गोंधळ उडाला. बोटासची चाकं काढली आणि परत जुनीच बसवून त्याला सोडून दिलं. रसेल तर पुढच्याच फेरीत पुन्हा आत. दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलणाऱ्या टीमचं असं कसं होतं? मित्राचं म्हणणं, रेसिंग पॉइंट टीमच्या पेरेझला ही शर्यत फुकटात मिळाली. खरंय का?

उत्तर | पाना_आणि_जॅक

माझं कोल्हापुरात टायरचं दुकान आहे आणि हंगामात रॅलीच्या सर्व्हिस टीमबरोबर जातो. त्यामुळे हा स्टॉप मी थांबवून थांबवून पाहिलाय. ‘फुकटात’ अजिबात मान्य नाही, पण आधी टायरचं सांगतो.

टीम एक असली तरी टायरचे सेट ड्रायव्हरच्या नावावर असतात. प्रत्येक टायरवर बारकोड असतो आणि कोणता सेट कोणाचा, याची नोंद एफआयए या नियामक संस्थेकडे असते. एकाचा टायर दुसऱ्याच्या गाडीला चालत नाही.

आता त्या दिवशीचं बघा. जॅक एटकेनची विल्यम्स शेवटच्या वळणावर घसरून भिंतीला लागली, पुढचा विंग तुटून रस्त्यात पडला. आधी व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांनी हळू चालवायचा नुसता इशारा, मग खरी सेफ्टी कार. हा साखीरचा बाहेरचा छोटा ट्रॅक, ३.५४३ किलोमीटरचा. बोटासची पोलची, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटायला मिळवून देणारी, फेरी ५३.३७७ सेकंदांची होती. नेहमीच्या ट्रॅकवर विचार करायला दीड मिनिट मिळतं, इथे त्याच्या आतच गाडी पिटच्या तोंडाशी येते. पिट वॉलवरून, म्हणजे टीमचे निर्णय घेणारे बसतात तिथून, ‘दोघांना घ्या’ असा निरोप गेला, पण रेडिओच्या बिघाडामुळे तो गराजमधल्या सगळ्यांना ऐकूच आला नाही. रसेल आत आला तेव्हा बोटासचे पुढचे टायर घेतलेली माणसं पुढे झाली आणि रसेलच्या गाडीला पुढे बोटासचे, मागे त्याचे स्वतःचे टायर लागले. तो निघून गेला.

पाठोपाठ बोटास उभा. त्याची चाकं उतरवली आणि मग लक्षात आलं की त्याचे पुढचे टायर तर रसेलबरोबर गेले! चाक हातात धरून एकमेकांकडे बघणारी ती माणसं नीट बघा, माझ्या तर पोटात गोळा आला. शेवटी काढलेले जुने हार्ड (कडक रबराचे, जास्त टिकणारे) टायरच परत बसवले. गाडी जवळजवळ २७ सेकंद उभी होती. रसेलला लगेच बोलावून स्वतःचा सेट बसवणं भागच होतं, नाहीतर गाडी बाद ठरली असती.

आम्ही रॅलीत टायरच्या बाजूवर पांढऱ्या खडूने गाडीचा नंबर लिहितो आणि बसवण्याआधी एकजण मोठ्याने वाचतो. फॉर्म्युला वनमध्ये तेवढा वेळ नसतो हे कळतं, म्हणून तर तिथे सगळा भार रेडिओवर येतो.

आणि पेरेझ! पहिल्याच फेरीत लक्लेअरने त्याला धडक दिली. त्या गडबडीत लक्लेअर आणि वर्स्टॅपन दोघेही शर्यतीबाहेर गेले, पेरेझ गरकन फिरून पिटमध्ये आला आणि सगळ्यांत मागे पडला. तिथून एकेकाला मागे टाकत, ट्रॅकवरच स्ट्रोल आणि ओकॉनला ओलांडून तो तिसरा झाला होता, तेही मर्सिडीजची चूक होण्याआधी. चुकीने त्याला वरच्या दोन जागा मिळाल्या, बाकीच्या सगळ्या त्याने स्वतः मिळवल्या. त्याची ती १९०वी शर्यत आणि पहिला विजय. पुढच्या वर्षासाठी हातात गाडी नव्हती, त्याच्याच रेसिंग पॉइंटने त्याच्या जागी वेटेलला घेतलं होतं. आदल्याच आठवड्यात तिथेच, तिसऱ्या क्रमांकावर असताना, शेवटच्या काही फेऱ्यांत त्याचं इंजिन गेलं होतं. अशा माणसाला फुकट मिळालं म्हणू नका.

उत्तर | घोडबंदर_६३

पेरेझबद्दल सगळं मान्य. पण रसेलचं काय? मर्सिडीजच्या हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून आयत्या वेळी बोलावणं आलं. गाडीत पाय मावेनात म्हणून एक साइज लहान बूट घालून चालवली! पोल ०.०२६ सेकंदाने हुकली आणि सुटतानाच बोटासला मागे टाकलं. पिटच्या घोळानंतर पाचवा होता, तरी बोटास, स्ट्रोल, ओकॉन अशा तिघांना ओलांडून दुसरा आला. पेरेझ तीन-चार सेकंदांवर, आणि तेवढ्यात डाव्या मागच्या टायरमधून हवा जायला लागली. पुन्हा पिट. शेवटी नववा. सगळ्यांत वेगवान फेरीचा गुण धरून तीन गुण, त्याचे कारकिर्दीतले पहिले.

मला राग रेडिओपेक्षा निर्णयाचा येतो. दोघे पुढे होते, हार्ड टायर फार जुनेही नव्हते. बाहेरच ठेवायचं होतं. दोन गाड्या एकामागे एक घेणं म्हणजे चूक होण्याची शक्यता दुप्पट.

उत्तर | पाना_आणि_जॅक

@घोडबंदर_६३, इथे वेगळं मत आहे. मागच्या गाड्या दूर होत्या, थांबायला मोकळा वेळ हाताशी होता. सेफ्टी कारमागे सगळे हळू असताना फुकटचा स्टॉप सोडून शेवटी मागच्यांनी नव्या टायरवर गाठलं असतं, तर तुम्हीच ओरडला असतात. निर्णय बरोबर होता, निरोप पोचला नाही. पंक्चरचा तर कोणाला दोष देणार?

उत्तर | दादर_टीटी

त्याच दिवशी, ६ डिसेंबरला, त्याच ट्रॅकवर आधी आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) स्प्रिंट, म्हणजे छोटी, शर्यत जिंकली होती. फॉर्म्युला टू जिंकणारा पहिला भारतीय. मिक शूमाकरचं त्या मोसमाचं विजेतेपदही त्याच शर्यतीत पक्कं झालं. @गोदाकाठचा_प्रेक्षक, ती शर्यत आवर्जून शोधा. आम्ही घरी त्या आनंदातच होतो आणि रात्री पावणेअकराला हे नाट्य सुरू झालं. झोपायला दीड वाजला.

प्रश्नकर्ता | गोदाकाठचा_प्रेक्षक

पानासाहेब, आता उलगडा झाला. एकच राहिलं. रसेल एक फेरी का होईना चुकीच्या टायरवर धावला, मग त्याला बाद का नाही केलं?

उत्तर | पाना_आणि_जॅक

पंचांनी रेडिओचा बिघाड लक्षात घेतला, आणि टीमने चूक लगेच दुरुस्त केली हेही. म्हणून टीमला २०,००० युरो दंड झाला, निकालाला हात लागला नाही. आता जेहानची शर्यत बघा आणि कशी वाटली ते इथेच लिहा.