कायपिरिन्या (ब्राझीलचं कॉकटेल) घरी कशी करता? (अनुभव धागा)

मंडळी, लिंबू, साखर, बर्फ आणि कशासा (ब्राझीलची उसाच्या रसाची दारू), बास एवढंच लागतं, तरी प्रत्येकाची वेगळी होते. कुठे केली, कशाची केली, काय फसलं, सगळं लिहा. माझं प्रमाण ६० मिली कशासाला एक लिंबू, चार छोटे चमचे साखर. साखर कापली की नुसती उग्र लागते, डाएटवाल्यांनी सरळ सोडा प्यावा.

*

साओ पाउलोत असतो. इथे शनिवारी फेजोआदा (काळा घेवडा आणि डुकराचं मटण) म्हटलं की ही आलीच. शेजारच्या आजी लिंबाची दोन्ही टोकं उडवतात, उभं चिरून मधली पांढरी दोरी काढतात, कडूपणा तिथला. मग फोडी सालीसकट जाड बुडाच्या ग्लासात, साखर, आणि लाकडी दांड्याने चार-पाच वेळा दाबायचं, कुटायचं नाही हां, सालीतलं तेल साखरेत उतरलं की झालं. वर बर्फ, कशासा, ढवळा, गाळायचं वगैरे काही नाही. व्होडका घातली तर कायपिरोस्का. आजी तिला हात लावत नाहीत, आणि २००३ च्या सरकारी आदेशातल्या व्याख्येतही कशासाच आहे!

*

आम्हा पुणेकरांना कशासा मिळणार कुठून? पांढरी रम वापरतो. फरक पडतोच कारण कशासा उसाच्या ताज्या रसाची आणि आपली रम बहुतेक मळीची, तो हिरवट वास येत नाही. पण खरा घोळ लिंबाचा. तिकडचं ताहिती लिंबू मोठं, बिनबियांचं. आपलं कागदी लिंबू छोटं, बिया ढीगभर, पातळ साल लगेच कडू सोडते, म्हणून दोन घेते, बिया आधी काढते आणि लाटण्याच्या टोकाने अगदी हलकं दाबते. खलबत्त्यात घातलंत तर काढा होईल.

*

लाटणं 😂 मस्त ताई. आम्ही सावंतवाडीकर, हुर्राकाची (काजूच्या बोंडांची पहिल्या वाफेची दारू) करून बघितली. मुळातच सौम्य, त्यात बर्फ वितळला की पाणीच. काजू फेणी चालते, फक्त लिंबू बिचारं वासात हरवतं.

*

एक सांगायचं राहतंय. उन्हात बसून लिंबं पिळू नका!! गच्चीवरच्या पार्टीत भावाने सगळ्यांसाठी केली, हात नुसते पुसले, दोन दिवसांनी बोटांवर भाजल्यासारखे फोड आणि मग काळे डाग, जायला महिने लागले. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की होतं असं. घरात चिरा, साबणाने हात धुवा, मग बाहेर जा.

*

न पिणाऱ्यांसाठी काही?

*

आहे की, लिमोनाडा सुइसा. अख्खं लिंबू सालीसकट चिरून पाणी, साखर, बर्फ, थोडं कंडेन्स्ड मिल्क घालून मिक्सरला दोन-तीन झटके द्यायचे, लगेच गाळायचं आणि लगेच प्यायचं, ठेवलं की कडू.